चेन वेळेवर बदला, दाते वाचवा

घरातल्या सगळ्या सायकली माझ्याच हाताखालून जातात, आणि कुठलीही सायकल समोर आली की मी आधी चेन बघते. टायर गुळगुळीत झाला की डोळ्यांना दिसतं, ब्रेक लागेनासा झाला की हाताला कळतं. चेन मात्र गुपचूप झिजते आणि जाता जाता फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातेही खाऊन टाकते. चेन स्वस्त, दाते महाग, एवढा साधा हिशेब आहे.

चेन लांबते ती पत्रा ताणला जातो म्हणून नव्हे. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग घासला जाऊन प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते. ती मोजायला इंचांची स्टीलची पट्टी पुरते. पेडलवर हलका दाब देऊन चेन ताठ करा आणि पट्टीचं शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये दोन पिनांत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे ती पिन सोडून पुढची चोविसावी पिन नेमकी १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागतं, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन जोर लावला की घसरते. चढावर उभं राहून पेडल मारताना असं झालं तर माणूस सरळ दांडीवर आपटतो. मागे ११-१२ चक्रं असलेल्या सायकलींना १/१६ची वाटही बघू नका.

नवी चेन घेताना मागे किती चक्रं आहेत ते मोजून सांगा, त्याप्रमाणे चेनची रुंदी बदलते. जुनी आणि नवी शेजारी ठेवून टोकाला टोक लावून कापू नका. जुनी लांबलेली असते, एखादी कडी जास्त राहून जाईल. कड्याच मोजा. जोडकडी वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्या, टक्‌ असा आवाज आला की बसली. मग प्रत्येक रोलरवर, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीवर, तेलाचा एकच थेंब. थोड्या वेळाने फडक्याने बाहेरचं तेल अगदी कोरडं पुसून घ्या. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तीच धूळ पिना घासते.

ब्रेकशूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की शू गेला. तोवर अधूनमधून चाक काढून शूचा रबर निरखा. त्यात रिमच्या धातूचे चमकते कण रुतलेले असतात, ते टोकदार वस्तूने उपसून काढा, नाहीतर रिमला चरे पडतात. नवा शू रिमवरच टेकला पाहिजे, टायरला जराही लागता कामा नये.

केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती बदलाच, आणि आउटर, म्हणजे केबलवरचं बाहेरचं आवरण, गंजला असेल तर तोही.

मागच्या टायरवर वजन जास्त, शिवाय जोरही त्याच्यावरच, म्हणून तो आधी झिजतो. आतलं कापड दिसलं तर त्या टायरवर आणखी एक फेरीही नको. नवा टायर मात्र मी पुढे घालते आणि पुढचा मागे नेते. मागचं चाक घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण खाली.