वर्षाची फी भरून घाऊक खरेदी परवडते का? इंदूरच्या घरासाठी हिशेब

फी भरून मिळणारं खरेदीचं कार्ड घ्यावं की नाही, हे नुसत्या फीवरून ठरत नाही. तीच वस्तू आज तुम्ही काय भावाने घेता, दुकानापर्यंत जायला किती खर्च येतो आणि आणलेल्यातलं किती वाया जातं, हे तीन आकडे आधी काढावे लागतात. इंदूरमध्ये यातला पहिला आकडा फार महत्त्वाचा, कारण इथे सियागंज आहे. कसलंही कार्ड न मागता घाऊक भावाने माल देणारा बाजार गावातच असल्यावर कार्डाच्या भावाची तुलना त्याच्याशीच करायला हवी.

छापील किंमत बाजूला ठेवा. ‘एमआरपीवर ३० टक्के सूट’ ही पाटी तुमच्या कामाची नाही. छापील किमतीला तुम्ही आजही सगळं घेत नाही. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा. त्यात दिवाळीचा महिना नको, फराळाच्या बेसन-मैदा-तुपाने सरासरी बिघडते. ज्या वस्तूंवर सगळ्यात जास्त पैसे जातात त्या दहा-बारा निवडा: तेल, तांदूळ, तूरडाळ, साखर, चहा, पोहे, शेंगदाणे, साबुदाणा, बेसन, तूप, कपड्यांची पावडर. प्रत्येकीपुढे महिन्याला लागणारं वजन आणि किलोमागे प्रत्यक्ष दिलेला भाव लिहा. पाकिटावर एमआरपीशेजारी ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते, पण तीही एमआरपीवरूनच काढलेली. खरा भाव म्हणजे दिलेले पैसे भागिले वजन. ही यादी घेऊन, फी भरण्याआधीच, त्या दुकानात किंवा त्यांच्या अ‍ॅपवर भाव टिपून घ्या.

तेलाचे भाव टिपताना सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असतं, तर १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही पत्र्याचे डबे लांबून सारखेच दिसतात. ‘इथे डबा शंभर रुपयांनी स्वस्त’ असं वाटतं तेव्हा बरेचदा एकीकडे किलो असतात आणि दुसरीकडे लिटर. पाऊचचंही तेच, एक लिटरच्या पाऊचसारखे दिसणारे, पण कमी वजनाचे पाऊच मिळतात. म्हणून तेलाचा भाव नेहमी किलोवरच मांडा.

धान्य-डाळींत कराचा भाग लक्षात घ्या. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळ आणि पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो. २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावर तो नाही, सुट्या मालावरही नाही. कार्डावर पाच टक्के वाचवून तेवढाच कर पाकिटावर भरला, तर हाती काही उरत नाही. २६ किंवा ३० किलोचा कट्टा दोन घरांत वाटून घेणं कित्येकदा कोणत्याही सभासदत्वापेक्षा फायद्याचं पडतं. जाऊबाई किंवा शेजारी आधी ठरवून ठेवा आणि वाटणी काट्यावर मोजून करा. अंदाजाने केलेली वाटणी दुसऱ्या वेळी टिकत नाही. सियागंजात हमाली आणि घरापर्यंतच्या रिक्षाचं भाडंही भावात धरा.

आता बेरीज. समजा फी वर्षाला १,००० रुपये आहे आणि दुकान जाऊन-येऊन २४ किलोमीटर, म्हणजे सुदामानगरकडून बायपासच्या बाजूला जाण्यासारखं. गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०७ रुपये धरलं, तर एका फेरीला सुमारे १८० रुपये लागतात. दर महिन्याला एक फेरी म्हटली की वर्षाचे २,१६० झाले, फीच्या दुपटीहून जास्त. एकूण खर्च ३,१६०. तुमच्या यादीवर खरी बचत पाच टक्के निघत असेल, तर हा खर्च भरून निघायलाच वर्षाला ६३,२०० रुपयांची, म्हणजे महिन्याला सुमारे ५,२७० रुपयांची खरेदी तिथून व्हायला हवी. बचत आठ टक्के असेल तर महिन्याला ३,३०० पुरतात. दोन महिन्यांतून एकदाच गेलात तर खर्च २,०८० वर येतो आणि पाच टक्के बचतीलाही महिन्याची ३,४७० ची खरेदी पुरते. फी तीच राहते, फेऱ्या तेवढ्या कमी होतात. त्या रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्याला फेरीचा खर्च जवळजवळ शून्य, त्याचं गणित अगदी वेगळं निघेल.

पण दोन महिन्यांचा माल घरात टिकायला हवा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर १५ किलोचा डबा चार महिने चालतो. फोडल्यावर त्याला हवा लागते आणि सोयाबीन तेल लवकर खवट होतं. मोठा डबा घेतलाच तर तेल स्टीलच्या झाकणबंद बरण्यांत काठोकाठ भरा, शेगडीपासून दूर ठेवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, तांब्याने खवटपणा झपाट्याने वाढतो.

रवा, बेसन, कणीक पावसाळ्यात महिन्याच्या वर भरू नयेत. आधीच भरून झालं असेल तर पाकिटं न फोडता चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दमटपणा धरतो. तांदूळ आणि अख्खी कडधान्यं मे महिन्यात ऊन दाखवून भरता येतात. मात्र धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. गरम धान्यावर झाकण लावलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. जागाही मोजा. १० किलो तांदळाला १२-१३ लिटरचा डबा लागतो. पोहे तर हलके, त्यांना वजनाच्या मानाने फार जागा लागते, आणि इंदुरी घरात ते थोडे लागत नाहीत.

डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून माल फोडल्याची आणि संपल्याची तारीख लिहीत जा. साबण, चहा, तांदूळ स्वस्त आणले म्हणून जास्त वापरले जात नाहीत. बिस्किटं, शेव, नूडल्स मात्र घरात असली की फस्त होतातच. महिन्याचं पाकीट बारा दिवसांत संपत असेल, तर त्या वस्तूवरची बचत शून्य धरा.

घाऊक ‘कॅश अँड कॅरी’ दालनांची कार्डं वेगळी. ती दुकानदार, हॉटेलवाले, डबे पुरवणारे अशा व्यावसायिकांसाठी असतात. जीएसटी क्रमांक किंवा धंद्याचा परवाना मागतात. भंवरकुवाकडच्या विद्यार्थ्यांना डबे देणाऱ्यांनी आपल्या नोंदणीवर असं कार्ड जरूर काढावं. घरच्या किराण्यासाठी ओळखीच्या दुकानदाराचं कार्ड वापरू नका, बिल त्याच्या जीएसटी क्रमांकावर फाटतं आणि हिशेबाचा घोळ त्याच्या गळ्यात पडतो. तिथल्या पाटीवर ठळक अक्षरांत बरेचदा जास्त नगांचा भाव असतो, एका नगाचा खाली बारीक. भाव करासहित आहे की कराविना, तेही वाचा.

मुलगा-सून अमेरिकेत असतील तर त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. कॉस्टको या सभासदांनाच माल विकणाऱ्या तिथल्या दुकानसाखळीची साधी फी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर आहे, वरची १३० डॉलर. वरच्या कार्डावर दोन टक्के परत मिळतात, म्हणजे जादाचे ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हायला हवी. तेवढी होत नसेल तर साधं कार्ड पुरे. समाधान झालं नाही तर ते सभासदत्वाची फी परत करतात, त्यामुळे तिथे वर्षभर वापरून बघण्यात धोका कमी.

आपल्याकडच्या ऑनलाइन सभासदत्वांत फी भागिले एका वेळचा पोचवणीचा खर्च, एवढंच गणित. फी ६०० आणि पोचवणी ३० रुपये, तर वीस ऑर्डरी. फक्त किती रुपयांच्या वर पोचवणी फुकट आहे, ते पाहा. ती रक्कम गाठायला नको असलेली वस्तू टोपलीत पडत असेल तर त्या ऑर्डरी मोजू नका. पैसे भरताना यूपीआय ऑटोपे चालू झालं असेल तर त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये जाऊन बंद करा. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते, पण ती बाकीच्या संदेशांत सहज हरवते. नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी वर्षाची बिलं पुन्हा मांडून मगच पुढची फी भरा.