धनुष्याच्या पट्ट्या चिकटवताना दाब सारखा कसा ठेवायचा

धनुष्याची दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून करतात. लाकूड कुठलं घ्यायचं, पट्टीला उतार किती द्यायचा, पहिलं धनुष्य किती पौंडांचं करावं, हे सगळं तुम्ही शोधलेलं असणार. त्यावर मी वेळ घालवत नाही. बेळगाव-खानापूर भागातल्या माणसाला सामानाची तशी ददात नाही. जवळजवळ भरीव असणारा माणगा बांबू आपल्या घाटमाथ्याकडे मिळतो, इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा गोंद, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फर्मा, म्हणजे पट्ट्या ज्यावर वळवून आवळतात तो साचा, कापून द्यायला सुतार आहेत. माणसं हरतात ती पट्ट्यांना इपॉक्सी फासल्यानंतरच्या अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासाची धास्ती मला अजून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शिकंजा (क्लॅम्प) जितका आवळू तितका जोड पक्का, हा समज आधी काढून टाका. आपले सुतार असंच शिकवतात आणि त्यांच्या कामात ते बरोबर आहे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाला दाब लागतोच, कारण त्याचा थर अगदी पातळ झाला तरच तो धरतो. इपॉक्सीला मात्र पट्ट्या एकमेकींना टेकण्यापुरताच दाब हवा. जास्त आवळलं की इपॉक्सी कडेने पिळून बाहेर येते आणि जोड उपाशी राहतो. दिसायला तो सुंदर दिसतो, केसासारखी रेघ. धनुष्य ओढायला लागल्यावर तिथूनच पट्ट्या सुटतात.

आता असमान दाबाकडे येतो. इथे मी लांबण लावणार आहे, कारण हा सापळा डोळ्यांना दिसत नाही.

शिकंज्याचा दाब त्याच्या टाचेखालून, म्हणजे पट्टीवर टेकणाऱ्या भागाखालून, साधारण ४५ अंशांत पसरत खाली जातो. समजा टाच २५ मिलिमीटरची आहे आणि तुम्ही ती थेट ३ मिलिमीटरच्या पट्टीवर ठेवली. खालच्या जोडावर दाब पोचतो २५ अधिक दोन्हीकडचे ३-३, म्हणजे ३१ मिलिमीटर लांबीवर. शिकंजे १०० मिलिमीटर अंतराने लावले असतील, तर मधले ६९ मिलिमीटर जवळपास बिनदाबाचे. टाचेखाली गोंद उपाशी, मध्ये गोंदाची गादी. आता त्याच टाचेखाली २० मिलिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा घाला. दाब पोचेल २५ अधिक ४०, अधिक पट्टीचे ६, म्हणजे ७१ मिलिमीटरवर. शिकंजे ७० मिलिमीटरवर आणले की फट उरत नाही. म्हणजे शिकंज्यांची संख्या कमी असेल तर ठोकळा जाड करा, पीळ वाढवू नका.

गोंदाची गादी राहिली तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिलिमीटरचं पातं एका जागी ०.३ मिलिमीटरने जाड राहिलं तर जाडी ३ टक्के वाढते, पण तिथला ताठपणा सुमारे ९ टक्के. मग ती जागा वाकत नाही, शेजारची जास्त वाकते, आणि टिलरिंग करताना, म्हणजे पातं घासून सगळीकडे सारखं वाकतं करताना, तुम्ही लाकडाला दोष देत घासत बसता.

वळणदार फर्म्यावर जाड ठोकळा वाकत नाही, ही अडचण खरी आहे. त्याला तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे फर्म्याचा वरचा भागही कापून घ्या, पट्ट्या आणि रबर यांच्या एकूण जाडीएवढी जागा सोडून, आणि मध्ये ३-४ मिलिमीटरचं रबर टाका. ती जागा सोडायला विसरलात तर वळणं जुळत नाहीत. दुसरी वाट म्हणजे टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळणं. स्वस्त आणि चांगली, पण तिचे दोन दोष आधी समजून घ्या. सपाट पात्यावर गुंडाळलेलं रबर कडा दाबतं, मध्यभाग मोकळा राहतो, म्हणून वर मध्ये किंचित उंच अशी एक लवचिक पट्टी हवीच. आणि फर्मा जिथे आत खोलगट आहे, टोकाकडच्या उलट्या वळणावर, तिथे रबर पुलासारखं ताणून राहतं, दाबत नाही. तिथे शिकंजाच लागतो.

तिसरी वाट म्हणजे फर्म्याच्या दोन भागांमध्ये, पट्ट्यांवर होजपाइप ठेवून त्यात हवा भरणं. दाब सगळीकडे सारखा, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते. पण हिशेब करा. ६० पीएसआय (दर चौरस इंचाला ६० पौंड) दाब, २ इंच रुंदी, २८ इंच लांबी: एकूण ३,३६० पौंड, म्हणजे दीड टनाच्या आसपास जोर फर्म्याचे दोन भाग फाकवायला बघतो. अर्ध्या इंची प्लायला चार स्क्रू मारून हे करू नका. शेतातला लपेटा पाइप तर अजिबात वापरू नका. फुटला तर जवळ तुम्हीच उभे असता.

आवळण्याचा क्रम मला कुठल्या व्हिडिओने नाही, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटर अण्णांनी समजावला. इंजिनाच्या हेडचे बोल्ट जसे फेऱ्याफेऱ्यांनी कसतात, तसंच हे. ‘एकदम कसू नको की, सगळ्यांस्नी आधी नुसतं टेकव,’ हे त्यांचं वाक्य मी फर्म्यावर लिहून ठेवलंय. मधल्या खुणेपासून सुरू करा आणि दोन्ही टोकांकडे जा. टोकं आधी धरली तर गोंद आणि हवा मध्येच अडकते. पहिली फेरी हलकी. मग दहा मिनिटं थांबा, कारण ओल्या गोंदावर पट्ट्या बाजूला सरकतात. मधली खूण जुळवा आणि मगच दुसरी फेरी. दोन्ही कडांना गोंदाचे बारीक मणी सारखे दिसले की थांबा. हात थांबवणं अवघड जातं, मला ठाऊक आहे.

म्हणूनच पाच मिनिटांत बसणाऱ्या इपॉक्सीच्या नादी लागू नका. दुसरी फेरी होईतो ती दगड झालेली असते. सावकाश बसणारीच घ्या. सागवान किंवा शिसव असेल तर ॲसिटोनने पुसा, ती लाकडं तेलकट. जुलै-ऑगस्टात खानापूरकडे जोडकाम काढूच नका, बांबू हवेतलं पाणी ओढून घेतो. थंडीत गोंद बसावा म्हणून फर्मा पेटीत ठेवून ऊब द्यायची तर जुने तारेचे बल्ब लागतात, एलईडीने पेटी तापत नाही.

गुरूविषयी एवढंच सांगतो. जो तुम्हाला स्वतःची फुटलेली पाती दाखवत नाही, त्याच्याकडे शिकू नका. आणि तीस शिकंजे भिंतीला टांगलेले परदेशी कारखाने बघून खचू नका. आठ शिकंजे आणि जाड ठोकळे यांत चांगलं पातं होतं, खरंच होतं.

गोंद कालवण्याआधी एकदा कोरडी जुळणी करा. पट्ट्यांमध्ये कार्बन पेपर आणि साधा कागद ठेवून सगळं आवळा, सोडा आणि कागद बघा. जिथे कोरा राहिला तिथे दाब नाही. तिथे फर्मा घासा किंवा रबर बदला, शिकंजा पिळू नका. मग भंगारातल्या पट्ट्यांचा फूटभर तुकडा त्याच फर्म्यावर, त्याच शिकंज्यांनी चिकटवा. कालवलेल्यातला थोडा गोंद वाटीत शेजारी ठेवा. तो नखाने दबेनासा झाल्यावरच शिकंजे सोडा. आता तुकडा करवतीने आडवा कापा, एक काप टाचेखालच्या जागी आणि एक दोन टाचांच्या मध्ये. कापलेली तोंडं घासून भिंगाखाली शेजारी धरा. दोन्हीकडे गोंदाची रेघ सारख्या जाडीची दिसली की खऱ्या पट्ट्या चिकटवायला घ्या.