अंगमेहनतीच्या कामातल्या कॅलरी मोजताना या चुका टाळा

हमाली असो, गवंडीकाम असो की ऊसतोड, अ‍ॅपमध्ये वय आणि वजन भरलं की पुढचा प्रश्न येतो: तुमचं काम बैठं, मध्यम की जड? बहुतेक हिशेब इथेच बिघडतात. आपण धंद्याचं नाव पाहून उत्तर देतो. खर्च मात्र ठरतो तो दिवसाच्या चोवीस तासांत अंग किती वेळ राबलं यावर.

ही चूक लहान नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी रोज २,११० कॅलरी लागतात, मध्यम कामासाठी २,७१० आणि जड कामासाठी ३,४७०. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२० आहेत. पुरुषाच्या बाबतीत ‘मध्यम’ऐवजी ‘जड’ अशी एक खूण चुकली की ७६० कॅलरींचा फरक, म्हणजे ज्वारीच्या चारेक भाकरी.

पाळी आठ तासांची, म्हणून काम आठ तासांचं

मार्केट यार्डातल्या हमालाचा दिवस घ्या. गाडी आली की तासभर दम लागेपर्यंत पोती उतरवायची, मग पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. शरीर नुसतं जिवंत ठेवायला दिवसाला जी ऊर्जा लागते ती म्हणजे बीएमआर. आपल्या हमालासाठी ती १,५०० धरू. पोती वाहताना खर्च या पातळीच्या साधारण सहा पट होतो, हातगाडी ओढताना चार पट, बसून राहिल्यावर जेमतेम १.४ पट, घरी दीड पट आणि झोपेत एक पट.

भरगच्च दिवशी ३ तास ओझं, २ तास हातगाडी, ४ तास वाट पाहणं, ८ तास घर आणि ७ तास झोप असेल, तर चोवीस तासांची सरासरी २.१ पट येते, म्हणजे सुमारे ३,१६० कॅलरी. आवक कमी असेल आणि ओझं व हातगाडी एकेकच तास झाली, तर तोच माणूस २,४२५ वर येतो. सुट्टीच्या दिवशी २,०३०. आठवड्यात चार दिवस भरगच्च, दोन मंदीचे आणि एक सुट्टी धरली, तर रोजची सरासरी २,७९० निघते. ‘जड काम’ या एका खुणेने तीच ३,४५० दाखवली असती. म्हणून एका दिवसावरून कधीही ठरवू नका. निदान आठवडाभराची तासवार नोंद ठेवा, वाट पाहण्याचे तासही लिहा.

एकच काम दोनदा मोजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अ‍ॅपमध्ये ‘जड काम’ निवडायचं आणि वर मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने दाखवलेल्या ६००-७०० कॅलरी त्यात मिळवायच्या. पहिल्या आकड्यात काम आधीच धरलेलं असतं. एक तर ‘बैठं’ निवडून काम वेगळं जोडा, नाही तर ‘जड’ निवडून घड्याळाचा आकडा सोडून द्या.

वेगळं जोडतानाही एक तासाचा खर्च सहा पट असेल तर पाच पटच मिळवा. एक पट बीएमआरमध्ये आलेला आहे.

घाम आणि घड्याळावर भरवसा

मे महिन्यात स्लॅब टाकताना एक-दोन किलो वजन घटतं ते पाण्याचं. संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन ते परत येतं. उन्हात नाडीही वाढते, त्यामुळे नाडीवर चालणारं घड्याळ खर्च फुगवून दाखवू शकतं. उलट हातगाडीच्या दांड्यावर किंवा डोक्यावरच्या पाटीला हात धरलेले असले की मनगट हलत नाही आणि पावलं कमी मोजली जातात. शिवाय पाठीवर ५० किलो आहेत हे घड्याळाला कळतच नाही.

आणखी एक: परदेशी सूत्रं आपल्याकडच्या लोकांचा बीएमआर बहुधा जास्त धरतात. वरचे २०२० चे आकडे काढताना तो १० टक्के कमी धरला आहे.

बाईचं घरातलं काम न धरणं

आतापर्यंतच्या चुका बहुतेक आकडा फुगवणाऱ्या होत्या, ही उलटी आहे आणि मला ती जास्त गंभीर वाटते. ऊसतोडीच्या फडात कोयता नवरा-बायको दोघांचा. मोळ्या बांधणं, डोक्यावर घेऊन गाडीत भरणं दोघं करतात. पण पहाटे उठून भाकऱ्या थापणं, पाणी भरणं, पोरांचं आवरणं तिच्याच वाट्याला. ‘घरचे तास’ म्हणून ते दीड पटीत टाकले की तिची गरज कागदावरच कमी होते, आणि ताटावर तर ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बसते. पाणी वाहण्याला चालण्यापेक्षा जास्त धरा, कमी नको. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर त्याची भर वेगळी.

जड कामाला पोटभर जेवण लागतं हे ओळखूनच पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ सुरू केली. कष्टकऱ्याला परवडेल असं ताट, हा तिचा हेतू.

आकडा जुळत नसेल तर

तीन-चार आठवडे सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. वजन स्थिर असेल तर जेवढं खाता तेवढाच तुमचा खर्च, मग अ‍ॅप काहीही म्हणो. आठवड्याला अर्धा किलो घटत असेल तर रोज साधारण ५५० कॅलरी कमी पडताहेत.

खाण्याच्या नोंदीत चहा हमखास राहतो. कपात दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, आठ कपांच्या नुसत्या साखरेच्या ३२०. फोडणीचं तेल आणि नाक्यावरचा वडापावही लिहा.

नोंद चोख आहे, जेवण पुरेसं आहे, तरी वजन घसरतंच आहे, अशा वेळी आकडेमोड थांबवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी करा. ती तिथे मोफत होते.