चिठ्ठीतलं वचन आणि मार्चमधली निराशा: अभिवचनांवर विश्वास ठेवताना या चुका टाळा

वर्षअखेरच्या रात्रीची उपासना संपत आली की अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची थाळी फिरते. यिर्मया २९:११ हाती आलं की चेहरा खुलतो: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत! मार्चपर्यंत नोकरी लागली नाही की तोच माणूस पाळकांना बाजूला घेऊन विचारतो, "माझा विश्वास कमी पडला का?" माझ्या मते, बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते वाचन.

एकच ओवी उचलणं

ती ओवी एका पत्रातली आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून ते पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच हवं होतं. यिर्मयाच्या पत्रात मात्र अकराव्या ओवीच्या आधी दहावी आहे, आणि तिच्यात ७० वर्षं लिहिली आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. म्हणून तर त्यांना सांगितलं की घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी म्हणून आलात त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मग हे वचन आपलं नाहीच का? आहे. देवाचं मन त्यात दिसतं, आणि ते बदललेलं नाही. पण तुमच्या नोकरीची तारीख त्यात नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवण्याआधी अख्खा अध्याय मोठ्यानं वाचा. कोण बोलतोय, कोणाला, कधी आणि कशासाठी, हे कळलं की निम्मा गोंधळ तिथंच निस्तरतो.

फिलिप्पैकर ४:१३ चंही तसंच: जो मला बळ देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ते पाठ म्हणायला हरकत नाही, पण प्रेषित पौल तिथं बंदिवासातून लिहितोय, आणि बाराव्या ओवीत भुकेलं राहायलाही शिकलो असं सांगतोय.

देवाला घाई करायला लावणं

हारान सोडलं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा होता. इश्माएल झाला तेव्हा ८६, आणि इसहाक झाला तेव्हा १००. मुलाच्या वचनाची दहा वर्षं वाट पाहून त्याची बायको सारा हिनं आपली दासी हागार त्याला देऊन मार्ग काढला. हागारेला कोणी विचारलं नाही, आणि भोगलं मात्र तिनंच. आपल्याकडे ही घाई उरकून टाकलेल्या सोयरिकीच्या किंवा "प्रभू फेडील" म्हणत काढलेल्या कर्जाच्या रूपात येते. निर्णय घाईचा वाटत असेल तर त्याची किंमत कोण मोजणार आहे, एवढं आधी पाहा.

औषध बंद करून साक्ष देणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून स्पष्टच लिहितो. हिज्कीया राजाला देवानं आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगी संदेष्टा यशयानं त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. वचन मिळालं म्हणून उपचार थांबले नाहीत. पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच ठेवून तो पुढं गेला. येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणताना सैतानानं ९१ वं स्तोत्रच पुढं केलं होतं, हेही लक्षात असू द्या. इन्सुलिन किंवा बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, कोणी कितीही जोरात "आमेन" म्हणो.

काम सोडून नुसतं थांबणं हाही याचाच एक प्रकार. पंडिता रमाबाई प्रार्थनेवर किती विसंबून होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. तरी त्यांच्या केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला.

रडू दाबणं

"नकारात्मक बोलू नको, विश्वासानं बोल." घरात मयत झालेल्या माणसालाही आपण हे ऐकवतो, आणि ते मला फार खटकतं. १३ व्या स्तोत्रात दावीद "कोठवर?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेतून कोणी काढलं नाही. प्रार्थनेत शब्द सुचेनासे झाले तर तीच स्तोत्रं म्हणा.

उत्तर आलं नाही म्हणून माणूस मोजणं

इब्री ११ मध्ये काही स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं जिवंत परत मिळाली, आणि त्याच ओवीत दुसऱ्यांचे हालहाल झाले. विश्वास दोघांचाही. म्हणून एखाद्याच्या पलंगाशेजारी बसून त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. डबा घेऊन जा, रात्री जागायला थांबा.

यिर्मयाकडंच परत येतो. यरुशलेमेला वेढा पडला होता, तो स्वतः पहाऱ्यात अडकला होता, आणि अशा वेळी त्यानं अनाथोथमधलं शेत १७ शेकेल रुपं तोलून विकत घेतलं. साक्षीदार बोलावले, खरेदीखत केलं, आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितलं. पुढं लोकांनी त्याला मिसरात नेलं.