ब्रिटनमध्ये कॅसिनोत काम करण्याचा परवाना नाकारला तर अपील कुठे करायचं: माझा अनुभव

लंडनच्या कॅसिनोत डीलर (खेळाच्या टेबलावर पत्ते वाटणारा) म्हणून लागणाऱ्या माझ्या भाच्याचा वैयक्तिक परवान्याचा अर्ज तिकडच्या जुगार नियामकाने फेटाळला. इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी बसून आम्ही नियामकालाच तीन मेल केले, तेच कागद पुन्हा जोडले. नोकरी हातची जाणार म्हणून ताईची झोप उडाली होती.

आम्ही दार चुकीचं ठोठावत होतो. २००५ च्या जुगार कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे अपील ‘फर्स्ट-टियर ट्रिब्युनल’ या न्यायाधिकरणाच्या जनरल रेग्युलेटरी चेंबरकडे, म्हणजे नियामकांच्या निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या विभागाकडे जातं. आधी निर्णयपत्राची तारीख बघा: मुदत २८ दिवसांची, आणि ती पत्र पाठवल्यापासून मोजतात, हाती पडल्यापासून नव्हे. मग अपिलाच्या नोटिशीत निर्णयात काय चुकलं आणि आपल्याला काय हवंय ते लिहा. निर्णयाची आणि कारणांची प्रत जोडा. मुदत उलटली असेल तर त्याच नोटिशीत कारण देऊन मुदतवाढ मागा. आम्हालाही मागावी लागली. शेवटच्या दिवशी हद्द तिकडच्या संध्याकाळी ५ ची, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे ९:३०.

नियामकासमोर न आलेला पुरावाही ट्रिब्युनल विचारात घेऊ शकतं. भाच्याच्या जुन्या कर्जफेडीचा दाखला तिथे कामी आला. प्रकरण फेरनिर्णयासाठी नियामकाकडे परत गेलं आणि परवाना मिळाला.