कम्युनिकेशन डिझाइन शिकताना पोर्टफोलिओ कसा घडवायचा

पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह, शेवटच्या सेमिस्टरला घाईघाईत उभा राहत नाही. पहिल्या असाइनमेंटपासून साठवत जावा लागतो. कच्ची रेखाटनं आणि बाद केलेले पर्यायसुद्धा तारीख घालून जपून ठेवा. काम देणाऱ्याला देखणं पोस्टर हवंच असतं, पण तुम्ही तिथवर कसे पोहोचलात हेही पाहायचं असतं.

शेवटी ६ ते ८ कामं पुरतात. सगळ्यात दमदार काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. प्रत्येकासोबत दोन-तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, वाचणारा कोण, तुमचा वाटा किती. गटात केलेल्या कामात हा वाटा मोघम ठेवलात तर मुलाखतीत अडकाल.

अक्षरांवर मात्र जीव ओतून मेहनत घ्या. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली येतात, त्यामुळे रोमनला पुरणारं ओळींमधलं अंतर इथे अनेकदा कमी पडतं. १२ पॉइंटच्या मजकुराला ओळींमधलं अंतर १८ पॉइंटपासून सुरू करा, छापून हातात धरून वाचा, मग कमी-जास्त करा. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या मोहात पडू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

ऑफसेट छपाईला फाइल देताना रंग सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शाईंत), फोटो प्रत्यक्ष छापायच्या आकारात ३०० पीपीआयचे (दर इंचाला ३०० पिक्सेल), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र). बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. तो चारही रंग मिसळून काळा केला, तर छपाई केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसू लागतात.