रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? हृदयरुग्णांनो, या चुका टाळा

ठाण्याच्या उपवन तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आम्हा स्टेंटवाल्यांचा एक कंपू आहे. माझा स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी, आता नऊ वर्षांचा झाला. नवा भिडू त्याच जुन्या चुका घेऊन येतो आणि सांगून सांगून माझा घसा बसतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रिपोर्ट बरा आला की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बंद करणं. मी स्वतः केली आहे. दुसऱ्या वर्षी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६४ आलं. म्हटलं, आता पथ्यावर भागेल. गोळी बंद केली आणि रोज सकाळी दुधीचा रस सुरू केला. दोन महिन्यांनी एलडीएल १३८! डॉक्टर म्हणाले, "चष्मा लावून नीट दिसलं, की चष्मा फेकता का?" कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा आपलं यकृतच बनवतं. तुम्ही तूप सोडलंत म्हणून ते संपावर जात नाही. शिवाय अटॅक येऊन गेलेल्याला एलडीएल ५५च्या खाली हवं असतं, म्हणजे माझं ते ६४सुद्धा पेढे वाटण्यासारखं नव्हतंच. गोळीने पाय दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. परस्पर शहाणपणा नको.

त्या दुधीचंही ऐका. एक दिवस रस कडू लागला. कडू तेवढं गुणकारी, असं म्हणत मी अख्खा ग्लास संपवला. तासाभरात उलट्या, मग सलाईन. कडू दुधी विषारी असतो. आता आमच्याकडे दुधी फक्त भाजीत, तोही आधी तुकडा चाखून.

'कोलेस्टेरॉल फ्री' तेलाचं कौतुक तर पुरे झालं. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. पण डब्यावरची अक्षरं वाचून हात सैल सुटतो, आणि 'घरचंच आहे' म्हणत भजी तळली जातात. खोबरेल तेल झाडाचं खरं, पण त्यात संपृक्त चरबी, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी, तुपाहून जास्त. आमची ही एक तारखेला दोघांसाठी एक लिटर काढून ठेवते. पंचवीस तारखेला संपलं तर पुढचे दिवस उकडलेलं-भाजलेलं. पद्धत शास्त्रीय आहे का, माहीत नाही, पण बाटली खोटं बोलत नाही.

तूप सोडून चहात मैद्याची, चरबीने भरलेली खारी बुडवणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही. एकादशीला साबुदाणा खिचडी, वर गोड शिरा, आणि मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलं म्हणून कपाळाला हात!

पथ्य सुरू करून आठव्या दिवशी रक्त तपासणाऱ्या उतावळ्यांनो, महिना-दीड महिना तरी दम धरा.

आणि मामलेदारची मिसळ? खातो की. तीन-चार महिन्यांतून एकदा, जादा तर्री न मागता, हिच्यासोबत एकच प्लेट वाटून.